फोटोत राहिलेला हात

सँतेक, रॉस्कॉफजवळ
१४ ऑक्टोबर १९९०

प्रिय मिसेस नॅनकॅरो,

कांदा निघाला, वाळला आणि माळ्यावर चढला. यंदा रंग छान आलाय, तुम्हाला आवडायचा तसा गुलाबी. हे काम उरकलं की मी कॉर्नवॉलला पत्र लिहायला बसतो, म्हणून माझी नात मला चिडवते, "आजोबांचा कांदा इंग्लंडला कळवल्याशिवाय वाळतच नाही."

या वेळी पत्रात बातमी आहे. मी येतोय. सोळा मे, रॉस्कॉफहून प्लिमथची फेरीबोट. तिकीट मुलीने काढलं. मला बहात्तर झाली आणि गुडघ्यांना त्याहून जास्त. शेवटचा कांदा विकून तुमच्या गावातून निघालो त्याला एकोणीस वर्षं होतील. पोर्थविनची ती चढण एकदा चढायची आहे, सायकलशिवाय. धक्क्यावरचं आमचं कोठार अजून आहे का? बारा माणसं कांद्याच्या ढिगाशेजारी गवतावर झोपायचो आणि पहाटे उठून वेण्या बांधायचो. मोठे कांदे खाली, छोटे वर. तो वास अजून माझ्या कोटाला आहे असं बायको मरेपर्यंत म्हणत होती.

तुमच्या टॉमच्या थडग्यावर एक वेणी ठेवायची आहे. फुलं आणणार नाही. फुलं बघून तो म्हणाला असता, "जॉनी, हे खायचं कसं?" रविवारी, देवाच्या वारी, माझ्या सायकलचं पंक्चर काढायचं काम केलं म्हणून तुमच्या चॅपलमधले लोक दोन आठवडे त्याच्याशी धड बोलले नव्हते, हे मी विसरलेलो नाही.

नातीने परवा विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच ती चपटी टोपी घालायचात? सिनेमातल्या फ्रेंच माणसासारखी?" मी तिला खरं सांगितलं. पहिल्या वर्षी मी साधी कापडी टोपी घालून आलो होतो, तर कुणी दार उघडेना. मग म्हातारा सेबास्तियाँ म्हणाला, "अरे वेड्या, इंग्रजाला फ्रेंच माणूस ओळखू यायला पाहिजे." मी प्लिमथच्या दुकानातून एक बेरे टोपी विकत घेतली. दुसऱ्या दिवशी दुप्पट वेण्या गेल्या. ती टोपी इंग्लंडात शिवलेली होती. नात हसून हसून खाली बसली.

खोली तयार ठेवा. फार मोठी नको.

तुमचा
गुलवेन केरब्रात
(तुमचा जॉनी)


पोर्थविन, कॉर्नवॉल
२८ ऑक्टोबर १९९०

प्रिय गुलवेन,

पत्र वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. मागची खोली तुमचीच. खिडकीतून बंदर दिसतं. कोठाराचं आता उपाहारगृह झालंय, पण भिंतीतल्या वेण्या टांगायच्या खुंट्या त्यांनी ठेवल्यात. त्यांच्यावर पर्यटक छत्र्या अडकवतात.

चढणीचं बोलू नका. तुम्ही कायम अर्ध्यावर उतरायचात आणि कुणी पाहिलं की म्हणायचात, "समुद्र बघतोय." रोज तोच समुद्र?

तुम्ही पहिल्यांदा दारात आलात तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. सासूबाईंनी कडी लावली होती. त्यांनी कुठल्याशा पेपरात वाचलं होतं की फ्रेंच माणूस अंघोळ करत नाही आणि दोरीवरचे कपडे पळवतो. तुम्ही गेलात की त्या कपड्यांचे चिमटे मोजायच्या. दोन वर्षं मोजत होत्या, एकदाही कमी भरले नाहीत, तरी तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, "हुशार आहे, चिमटे ठेवून जातो." पुढे त्याच सासूबाई ऑगस्ट लागला की खिडकीत बसायच्या. अंथरुणाला खिळल्या तेव्हा कुणाकुणाची नावं विसरल्या, पण मला विचारलं, "फ्रेंच आला का गं?" जानेवारी होता, तुम्ही येऊन गेला होतात. मी म्हटलं, "येतोय." तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

आणि आठ वर्षं मी तुम्हाला जॉनी म्हणत होते, याची लाज वाटते. गावात येणारे सगळे कांदेवाले जॉनीच. नाव विचारायचं सुचलंच नाही कुणाला.

आमची मोरवेना गेल्या रविवारी लंडनहून आली होती. आता एका मोठ्या पेपरच्या फोटो विभागात आहे. तुम्ही येताय म्हटल्यावर तिने जुना अल्बम काढला. तुमचा सायकलवरचा फोटो तिला फार आवडला, डिसेंबर एकोणसाठचा, टॉमने काढलेला, तुमच्या शेजारी कुंपणाच्या भिंतीवर ती बसलेली. प्रत काढून आणते म्हणून घेऊन गेली. तुम्हालाही एक देईन. तुमच्याकडे तो नाही ना?

पेपरात हल्ली तुमच्या शेतकऱ्यांनी आमच्या मेंढ्यांच्या गाड्या अडवल्याचं रोज येतं. आपण दोघांनी त्यात पडू नये.

वाट पाहते.
विनिफ्रेड


पोर्थविन
८ नोव्हेंबर १९९०

मोरवेना,

आज सकाळी पावासोबत पेपर घ्यायला गेले, तर पेपरवाला दात काढत म्हणाला, "मिसेस नॅनकॅरो, हा तुमचा जॉनी तर नाही?"

आख्खं पान. वर हाताएवढ्या अक्षरांत 'चालते व्हा!' आणि खाली गुलवेन. चपटी टोपी, सायकल, हँडलला वेण्या. फोटोखाली लिहिलंय, 'यांना आपलं मटण नको, मग आपल्याला यांचा वास कशाला?' शेजारी वाचकांना आवाहन, बेडूकखाऊ फ्रेंचांवरचे विनोद पाठवा, दहा उत्तम विनोदांना बक्षीस. दुकानात तिघं उभे होते. तिघंही हसत होते. त्यातल्या एकाच्या आईने वीस वर्षं त्याच माणसाकडून कांदा घेतला.

 पाव तिथेच विसरून घरी आले.

तो फोटो जगात एकाच घरात होता. माझ्या अल्बममध्ये. तुला मी तो प्रत काढायला दिला होता, चव्हाट्यावर मांडायला नाही. तू उजवीकडे भिंतीवर बसली होतीस, तो भाग कापलाय. स्वतःला बरं वगळलंस. पण नीट कापता आलं नाही तुला. हँडलजवळ एक छोटा हात तसाच राहिलाय, मनगटापर्यंत. लोकांना वाटेल कुणाचा तरी असेल. मला माहीत आहे कुणाचा आहे.

तुला दमा होता, तेव्हा हा माणूस त्याच्या गावाहून मध घेऊन यायचा. तू त्याला जॉनीकाका म्हणायचीस.

मे महिन्यात तो इथे येतोय. रस्त्यावर त्याला कुणी 'चालते व्हा' म्हटलं, तर मी त्याला काय सांगू? आणि तो फोटो कुणी दिला, असं त्याने विचारलं तर?

आई


पोर्थविन
१२ नोव्हेंबर १९९०

प्रिय गुलवेन,

घाईत लिहितेय. मागच्या खोलीचं छप्पर गळायला लागलंय आणि गवंडी उन्हाळ्यापर्यंत मिळणार नाही म्हणतो. माझा गुडघाही ठीक नाही. मे महिन्याचं आत्ता नको ठरवू या. त्यापुढच्या वर्षी बघू. तिकिटाचे पैसे परत मिळत असतील तर घ्या.

फोटोची प्रत अजून आलेली नाही.

तब्येतीला जपा.
विनिफ्रेड


लंडन
१७ नोव्हेंबर १९९०

आई,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि खिशात घालून दिवसभर हिंडले.

मथळा माझा नाही. फोटोखालची ओळ माझी नाही. त्या दिवशी बैठकीत संपादक म्हणाले, "फ्रेंच दिसणारा फ्रेंच आणा." मी एजन्सीचे शंभरेक फोटो काढले. सगळे आपल्यासारखेच. कोट, चष्मा, हातात पिशवी, बसची वाट बघणारे. साहेब एकेक बाजूला टाकत म्हणाले, "यातला कुणीही आपल्या लीड्सचा वाटतो." मग मला जॉनीकाकाचा फोटो आठवला. माझ्या पिशवीतच होता. त्या टेबलाशी मी एकटी बाई आहे, आई. एरवी माझ्याकडून चहाच मागतात. त्या दिवशी सगळे म्हणाले, "शाब्बास." खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आणि ही थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्यांचे पेपर आपल्याबद्दल काय फुलं उधळतात? आपण उकडलेलं मांस खातो, मुलांना वसतिगृहात टाकतो आणि पावसात बसून सहली करतो, हे तेही छापतात. फोटोत नाव नाही, गाव नाही. तीस वर्षांपूर्वीचा माणूस कोण ओळखणार? साप साप म्हणून भुई धोपटू नकोस.

कापताना मला माझा हात दिसला नाही. हे खरं आहे.

मोरवेना


सँतेक
२६ नोव्हेंबर १९९०

मिसेस नॅनकॅरो,

तिकीट परत केलं. तुमच्या छपराची काळजी घ्या. टॉमने ते स्वतः घातलं होतं आणि तीन मोठ्या वादळांत त्याची एक दगडी पाटी सरकली नव्हती, म्हणून गळतं हे ऐकून नवल वाटलं.

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या घरची ब्रेतों भाषा वर्गात बोललं की मास्तर गळ्यात लाकडी बूट अडकवायचे. दिवसभर तो घालून हिंडायचं. पॅरिसच्या पेपरांत आमच्या मुलींची चित्रं यायची, जाड पायांच्या, बावळट मोलकरणी. नंतर मी तुमच्याकडे कांदा विकायला आलो, तर तुमचे पेपर मला फ्रेंच म्हणून नावं ठेवायचे. आमच्याकडे मी पुरेसा फ्रेंच नव्हतो आणि तुमच्याकडे जरा जास्तच होतो. दोन्हीकडची सवय होती मला. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणायचं आणि पुढच्या दारी जायचं.

तुमचं दार त्यातलं नव्हतं, असं मी एकोणचाळीस वर्षं धरून चाललो होतो.

आमच्या बंदरावर एक कॅफे आहे. तिथे इंग्रज ट्रकवाले आपले पेपर वाचून टेबलावर टाकून जातात. नऊ तारखेला मी तिथे कॉफी प्यायला गेलो होतो. तिथे काय पाहिलं ते मी लिहिणार नाही. तुम्ही सांगाल म्हणून पंधरा दिवस थांबलो. तुम्ही छपराचं सांगितलंत.

तो फोटो तुमच्याच घरात होता. द्यायचा होता तर निदान मला विचारायचं होतं. मी टोपी तरी काढून ठेवली असती.

केरब्रात


पोर्थविन
३ डिसेंबर १९९०

प्रिय गुलवेन,

छप्पर गळत नाही. कधीच गळलं नाही. टॉमच्या छपरावर मी आळ घेतला, त्याची माफी मी काल थडग्यापाशी जाऊन मागितली. तुमची इथे मागते.

फोटो मी दिला नाही. मोरवेनाने दिला. प्रत काढायला नेला आणि तिथे वापरला. मला पेपरवाल्याच्या दुकानात कळलं. हे तुम्हाला त्याच दिवशी लिहायला हवं होतं. पण लिहायला बसले की वाटायचं, तुम्ही पाहिलाच नसेल तर मी कशाला दाखवू? आणि पाहिला असेल, तर माझ्या पोरीने हे केलं असं कुठल्या तोंडाने लिहू? तिचं नाव वाचवायला गेले आणि तुम्हाला वाटलं, मीच तुम्हाला विकलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच म्हणतात ते हेच. तुम्ही आलात आणि गावात कुणी काही बोललं तर, या भीतीने मी तुम्हाला येऊ नका म्हटलं. म्हणजे त्या पेपरने मोठ्या अक्षरांत जे म्हटलं, तेच मी बारीक अक्षरांत लिहिलं.

गाव कसं आहे ते ऐका. पेपर आला त्या आठवड्यात उपाहारगृहाच्या फळ्यावर कुणीतरी बेडूक काढला होता. मालकाने तो दोन दिवस ठेवला, लोक हसतात म्हणून. तिसऱ्या दिवशी म्हातारी मिसेस हॉस्किंग काठी टेकत आत गेली, ओल्या फडक्याने तो पुसला आणि म्हणाली, "या खुंट्यांना ज्यांनी वेण्या टांगल्या, त्यांच्याच कांद्याचं सूप विकतोस ना रे?" ती ब्याण्णव वर्षांची आहे. मी सत्तरची असून माझ्याने ते झालं नाही.

पेपरात आलंय की तुमच्या-आमच्यामधल्या समुद्राखालच्या बोगद्यात परवा दोन्हीकडचे कामगार भोक पाडून भेटले, हात मिळवले. तोच पेपर, गुलवेन. पहिल्या पानावर हात मिळवतो आणि आत बेडूक काढतो.

मोरवेनाला मी तुमचा पत्ता दिला आहे. काय लिहायचं ते सांगितलेलं नाही.

या हो.

विनिफ्रेड


लंडन
१९ डिसेंबर १९९०

प्रिय जॉनीकाका,

आईने लिहिलेलं सगळं खरं आहे. फोटो मी दिला आणि त्याची प्रत कापली तीही मीच.

माझ्या टेबलावर एक खोका असतो. कापलेले तुकडे त्यात टाकतो आणि वर्षाच्या शेवटी फेकतो. मी दोन तास शोधून माझा तुकडा काढला. लाल गळपट्टा, तोंडभर हसू आणि एक हात नाही. तो तुमच्या बाजूच्या तुकड्यात छापला गेला.

मी संपादकांकडे गेले. म्हटलं, या माणसाला नाव आहे, ते छापा आणि खालची ओळ मागे घ्या. ते म्हणाले, "कांदेवाला काय दावा ठोकणार आहे?" मी परत सांगितलं. ते म्हणाले, "मोरवेना, सुट्टी घे." मी राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं, पण दिलेला नाही. अजून तिथेच आहे. फक्त आता 'फ्रेंच दिसणारा फ्रेंच' मागितला की मी कोट आणि चष्मेवालेच नेऊन ठेवते.

आईच्या अल्बममधला मूळ फोटो परत तिला दिला. त्याची आख्खी प्रत सोबत पाठवते. या वेळी कुठेही कापलेला नाही.

मला त्या दिवसाचं काहीही आठवत नाही. मी पाच वर्षांची होते. म्हणून तसं करता आलं असेल.

मोरवेना


सँतेक
६ जानेवारी १९९१

मोरवेना, पोरी,

फोटो पोचला. गळपट्टा तुझ्या आजीने विणला होता आणि त्याचं एक टोक कायम सुटलेलं असायचं, तेही दिसतंय.

रागावलो नव्हतो असं म्हणणार नाही. त्यातला बराच राग तुझ्या आईवर निघाला, तो तिचा नव्हता. तिला वेगळं पत्र लिहिलंय. तू नोकरी सोडली नाहीस हे बरं केलंस. तिथे खोक्यात हात घालून तुकडे शोधणारं कुणीतरी असावं.

तुला आठवत नाही म्हणतेस, म्हणून सांगतो. दुसरं कुणी सांगायला उरलेलं नाही. आई तेव्हा आत होती, माझ्या प्रवासासाठी मांस-बटाटा भरलेली पेस्टी फडक्यात बांधत. टॉम कॅमेऱ्यामागे होता. तो आमचा त्या वर्षीचा शेवटचा दिवस. दुपारच्या भरतीला बोट सुटणार होती आणि माझ्याकडे चार वेण्या उरल्या होत्या. तुम्हाला भेटायचं, वाटेत त्या विकायच्या आणि धक्का गाठायचा. सायकल भिंतीला लावली होती. टॉम म्हणाला, "हसा." आपण हसलो. फोटो झाला.

मी टांग टाकली, पायडलवर जोर दिला, तर सायकल जागची हलेना. मला वाटलं साखळी पडली. उतरून बघितलं, साखळी ठीक. चाक ठीक. मग वर बघितलं, तर तुझा हात ब्रेकवर. फोटो काढायच्या आधीपासून तू तो धरून ठेवला होतास. मी म्हटलं, "सोड बाळा, बोट जाईल." तू म्हणालीस, "जाऊ दे बोट." टॉमने तुझी बोटं एकेक करून सोडवली. करंगळीपर्यंत पोचला की अंगठा परत घट्ट. आम्ही दोघंही हसत होतो. पण मी टेकडी उतरलो तरी तुझं रडणं ऐकू येत होतं आणि एरवी चढणीवर थांबणारा मी त्या दिवशी उतारावरही थांबलो. कुणी विचारलं असतं तर समुद्र बघतोय म्हणालो असतो.

त्या दिवशी कॅफेत मी आधी मथळा वाचला. पेपर घडी करून ठेवणार होतो. तेवढ्यात हँडलजवळचा तो हात दिसला. मोठ्या अक्षरांत 'चालते व्हा' आणि त्याच्या बरोबर खाली ब्रेक दाबून धरलेला तुझा हात. मी तो पेपर घरी आणला. वरची अक्षरं कापून चुलीत घातली. उरलेलं स्वयंपाकघरात लावलंय, आता शेजारी तुझी आख्खी प्रत लावतो.

सोळा मेचं तिकीट पुन्हा काढलं आहे. मुलगी म्हणाली, "परतीचंही आत्ताच काढा, बाबा, बरं पडतं." मी नको म्हटलं. तुमच्या दारातून मी कधी निघायचं, ते माझ्या हातात कधीच नव्हतं.

तुझा
जॉनीकाका